बोंडलं

पलासियाच्या दुकानातून काळी बियर आणली, दोन बाटल्या,
पिशवीत खाली स्टाउट, वर मेथीची जुडी.
जिन्यात रेटरेकर काकू भेटल्या.
"मेथी कितीला दिली?"
श्रीरंगनं घाबरून भाव दुप्पट सांगितला.

साय माझ्याकडे.
डब्यातलं आटीव दूध, कॉफी, चाळलेला कोको,
आणि व्हिस्की, त्याच्या साहेबानं निवृत्त होताना दिलेली,
जी तीन वर्षं माळ्यावर
जुन्या मिक्सरच्या खोक्यात झोपली होती.
रवीनं घुसळलं. रवीला काय कळतंय ताक आहे की काय.

दुधाचं खातं माझंच.
बावीस वर्षं मांगलियाच्या डेअरीत टँकर तपासते,
कुठल्या दुधात पाणी आहे
आणि पुष्कळदा कुठल्या विहिरीचं, तेही सांगते.
म्हणून बजावलं त्याला:
काळ्या बियरला आंबटपणा असतो.
साय पडली की फार तर मिनिट, मग फाटणार.
घोटघोट नाही, गप्पा नाही,
टाकायचं, उचलायचं, संपवायचं.
तो म्हणाला, "आपल्या घरात असं कधी झालंय?"
खरंच होतं.
कूलर घ्यायला आम्ही तीन उन्हाळे घेतले.

पण टाकायचं कशात?
छोटा पेला घरात नाही.
खोकल्याच्या औषधाचं झाकण टाकून पाहिलं,
ते तरंगलं, पाण्याच्या कडेकडेनं फिरत राहिलं
ओळख नसलेल्या लग्नातल्या पाहुण्यासारखं.
उटण्याची वाटी ग्लासात मावेना.
मग तो कपाटाकडे गेला
मी नको म्हणायच्या आत;
किंवा मी म्हटलंच नाही.

लाल मखमलीची डबी.
रुखवतात आईनं ठेवलेलं चांदीचं बोंडलं,
चिमणीएवढी चोच, बुडाशी माझं सासरचं नाव.
पहिली सहा-सात वर्षं दर दिवाळीला घासायचे.
मग एक दिवाळी सोडून एक.
मग काळं पडू दिलं, तेवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ दे म्हणून.

त्यानं चिंच लावली.
दोन मिनिटांत लख्ख झालं,
इतकं सहज, की मला रागच आला.

ग्लास तिरका धरून बियर ओतली,
वर गुळाच्या पाकासारखा फेस.
बोंडल्यात अर्धी व्हिस्की, अर्धी साय.
त्यानं दोन बोटांनी धरलं, सोडलं.
डुबुक.
आणि माझा हा नवरा, जो गोळीसुद्धा तीन घोटांत घेतो,
मान मागे टाकून एका दमात प्याला.
दातावर चांदी खणकन वाजली.
मिशीला फेस. डोळ्यांत पाणी.
"ठसका," म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

बोंडलं एकच. विसळून माझी पाळी.
सोडलं. काळ्यात बदामी ढग उठला,
खाली गेला, वर आला,
आणि तळाशी ते, आडवं, चोच माझ्याकडे.

मला सगळं ठाऊक होतं.
किती आम्ल, किती वेळ, कुठल्या क्षणी केसिन सुटं होतं.
मी बघत बसले.
आधी कडेला कण आले, मग रेषा, मग गोळे.
"अगं, फाटलं," तो म्हणाला.
"दिसतंय मला."

फाटलेलं दूध मी आयुष्यात कधी ओतून दिलेलं नाही.
चमचा घेतला.
कडू, गोड, थोडं कालच्या खरवसासारखं,
घशाखाली गरम.
त्यानंही एक चमचा मागितला. मग अजून एक.
शेवटी बोंडलं ग्लासाला अडकून बसलं,
ते काढताना दोघंही हसलो, फार नाही.

सकाळी ते जाळीत पालथं होतं, चमच्यांमध्ये.
डबी कपाटात उघडीच.
पोह्यांना फोडणी करताना तेलाचं माप सापडेना
तर श्रीरंगनं हात लांबवून तेच उचललं,
एक भरून, एक अर्धं.
मी बघितलं.
जिरावण होतं, शेव संपली होती.
चप्पल घातली आणि शेव आणायला खाली उतरले.